मुलांच्या मनोसामाजिक विकासाचे टप्पे: कोणत्या वयात काय करायचं, कुठे थांबायचं

दोन वर्षांचं मूल बुटावरून घर डोक्यावर घेतं, पाच वर्षांचं धडधडीत खोटं बोलतं, नऊ वर्षांचं वही दप्तराच्या तळाशी दडवतं. घरात तिघांनाही एकच विशेषण मिळतं, ‘हट्टी’, आणि तिघांवर उपायही एकच होतो, रागावणं. प्रत्यक्षात तिघांचं दुखणं वेगळं असतं. पहिल्याला आपल्या शरीरावर आपला ताबा चालतो का ते बघायचं असतं. दुसऱ्याच्या हातून काहीतरी घडलेलं असतं आणि आपण वाईट ठरू म्हणून ते घाबरलेलं असतं. तिसऱ्याला ‘मला हे जमत नाही’ हे कुणाला कळू द्यायचं नसतं. वागणं कोणत्या वयातलं आहे हे आधी पाहिलं, तर उपाय निवडणं बरंच सोपं जातं.

हे मनोसामाजिक टप्पे, म्हणजे मूल आणि त्याच्या भोवतालची माणसं यांच्या नात्यातून मन घडण्याचे टप्पे, मनोविश्लेषक एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी मांडले. ते व्हिएन्नात ॲना फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषण शिकले, १९३३ मध्ये अमेरिकेत गेले आणि १९५० मध्ये त्यांनी संपूर्ण आयुष्याचे आठ टप्पे पुस्तकरूपात मांडले. त्यातले पहिले पाच जन्मापासून किशोरवय संपेपर्यंतचे आहेत: विश्वास की अविश्वास, स्वायत्तता की लाज आणि शंका, पुढाकार की अपराधभाव, उद्यमशीलता की न्यूनगंड, आणि अस्मिता (‘मी कोण’ याचं भान) की भूमिकांचा गोंधळ.

या जोड्या वाचून बहुतेकांचा एक गैरसमज होतो. डावी बाजू जिंकायची आणि उजवी पुसून टाकायची, असं काही एरिक्सन म्हणत नाहीत. थोडा अविश्वास हवाच, नाहीतर मूल कुणाही अनोळखी माणसाचा हात धरून चालू लागेल. थोडा अपराधभाव नसेल, तर दुसऱ्याला मारल्यावर हात थांबणार नाही. पारडं डावीकडे झुकलेलं असावं, एवढीच अपेक्षा. वयाच्या सीमाही ढोबळच आहेत, चार-सहा महिने इकडेतिकडे झाले तर काळजीचं कारण नाही. शिवाय ही मांडणी मुख्यतः निरीक्षणांतून उभी राहिली आहे. ती मोजमापाची चाचणी नाही, त्यामुळे आपलं मूल ‘पास झालं का’ हे त्यात शोधू नका.

आधी सात दिवसांची नोंद

काहीही बदलण्याआधी एक आठवडा लिहून काढा. रोज जो प्रसंग सगळ्यात जड गेला, त्याच्या चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, त्याच्या लगेच आधी काय झालं, मुलाने काय केलं, आणि मोठ्यांनी लगेच नंतर काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो. आठवड्याने वाचताना बहुधा दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे बरेच प्रसंग ठरावीक वेळेला येतात: झोपेची वेळ टळलेली असते, पोट रिकामं असतं किंवा बाहेर निघायची घाई असते. दुसरी म्हणजे मुलाने आवाज चढवला की त्याला हवं ते मिळतं, हे आपणच शिकवलेलं असतं. वेळेचा प्रश्न वेळ बदलून सुटतो, त्याला मानसशास्त्र लागत नाही. त्यानंतर जे उरेल त्यासाठी पुढचं वाचा.

जन्म ते दीड वर्ष: कुणीतरी येतं का?

पहिल्या सहा आठवड्यांपर्यंत बाळाचं रडणं वाढत जातं, संध्याकाळी जास्त, आणि तीन-चार महिन्यांच्या सुमारास उतरतं. हा चढ-उतार स्वाभाविक आहे, पालकांच्या हातून काही चुकलं असा त्याचा अर्थ नाही. ‘सारखं उचललं की सवय लागते’ हा सल्ला पहिल्या काही महिन्यांना लागू होत नाही. एवढ्या लहान बाळाला डाव रचता येत नाही. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये २६ माता-बाळांच्या निरीक्षणांतून मांडलं, की सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला पटकन प्रतिसाद मिळाला ती बाळं वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. अभ्यास छोटा होता आणि त्यावर वादही झाले. पण उचलल्याने बाळ बिघडतं ही भीती त्यातून तरी खरी ठरत नाही.

रडणाऱ्या बाळाकडे जाताना एक क्रम ठरवून ठेवा, म्हणजे रात्री तीन वाजता विचार करावा लागत नाही: भूक, लंगोट, फार गरम किंवा गार, ढेकर, झोप, आणि यातलं काहीच नसेल तर छातीशी धरणं. ताप असेल, दूध घेत नसेल किंवा रडण्याचा सूर नेहमीपेक्षा वेगळा असेल, तर क्रम सोडून डॉक्टरांना फोन करा. सगळं करूनही बाळ थांबत नसेल आणि तुमचाच तोल जायला लागला असेल, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळ तेवढा वेळ रडलं तर काही बिघडत नाही. चिडून गदागदा हलवलं तर मात्र मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो.

प्रत्येक हाकेला ओ दिलीच पाहिजे असंही नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आई बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला परत आणायचा प्रयत्न करतं, मग तोंड फिरवतं, कोमेजतं. आई पुन्हा बोलू लागली की हळूहळू सावरतं. चांगल्या जोड्यांमध्येही आई आणि बाळ यांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतो, हेही ट्रॉनिक यांच्या कामातून दिसलं. तुटलेला सूर पुन्हा जुळतो, हा अनुभव बाळाला वारंवार मिळाला पाहिजे. मोबाइलकडे बघता बघता दूध पाजण्याबद्दल बोलायचं तर, अधूनमधून चालतं. प्रत्येक वेळी तसंच होत असेल तर तो जवळजवळ हाच प्रयोग झाला.

आठव्या महिन्याच्या आसपास अनोळखी माणूस नको, आई-बाबा दिसेनासे झाले की रडं, असं सुरू होतं. ही प्रगतीच आहे, कारण ‘माझी माणसं’ आणि ‘बाकीचे’ हा फरक आता पक्का झालेला असतो. या वयात नव्या व्यक्तीकडे सोपवायचं असेल तर साधारण आठवडा हाताशी ठेवा. पहिले दोन दिवस तुम्ही तिथेच बसा आणि नवी व्यक्ती फक्त शेजारी खेळू दे, उचलायची घाई नको. तिसऱ्या दिवशी तिच्या हातून खाणं. चौथ्या दिवशी दहा मिनिटं बाहेर जा, पुढे अर्धा तास, मग दोन तास. जाताना ‘मी जाऊन येते’ असं सांगून निघा. बाळाची नजर चुकवून सटकणं त्या क्षणी सोपं वाटतं, पण आपण खेळत असताना माणूस गायब होतो हे कळलेलं मूल पुढे खेळणंच सोडतं आणि पदराला चिकटून राहतं.

बाळंतिणीची उदासी, रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं दोन आठवड्यांपुढे टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा. हा आजार आहे आणि तो बरा होतो. आईच्या उपचारांचा फायदा बाळालाही होतो.

दीड ते तीन: ‘मी करणार’

हा टप्पा सविस्तर बघायला हवा, कारण सगळ्यात जास्त घरं इथेच थकतात.

सकाळची बूट घालण्याची पाच मिनिटं घ्या. मूल खाली बसतं, डावा बूट उजव्या पायात घालतं, टाच आत जात नाही. ते पाय आपटतं, पुन्हा प्रयत्न करतं. तिसऱ्या मिनिटाला मोठ्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं, ते वाकून दोन्ही बूट चढवून टाकतात, आणि मूल किंचाळत बूट भिरकावतं. आपल्याला दिसतो तो हट्ट. मुलाच्या बाजूने पाहिलं तर हातात घेतलेलं काम कुणीतरी हिसकावून घेतलं आणि वर ‘तुला येत नाही’ असंही सांगितलं. हेच दिवसातून दहा वेळा झालं की मूल दोनपैकी एक वाट धरतं. एक तर प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणतं, किंवा हात पुढे करून उभं राहतं आणि काहीच करत नाही. दुसरं मूल ‘शहाणं’ वाटतं, पण खरी काळजी त्याची करायला हवी.

उपाय साधा आहे. निघण्याची तयारी दहा मिनिटं आधी सुरू करा. पट्टीचे बूट घ्या, नाडीचे नकोत. काम वाटून घ्या: बुटाचं तोंड तुम्ही उघडून धरायचं, पाय मुलाने घालायचा, टाच तुम्ही ओढायची, पट्टी मुलाने लावायची. उलटसुलट घातले तर धोका नसेल तिथे तसेच राहू द्या, चार पावलं चालल्यावर मूल स्वतःच सांगतं. आणि ज्या दिवशी खरोखर वेळ नाही, त्या दिवशी आधीच सांगा, ‘आज मी घालणार, उद्या तू.’ दुसऱ्या दिवशी तो शब्द पाळा.

पर्याय देताना दोनच द्या, आणि दोन्ही तुम्हाला चालणारे. ‘लाल शर्ट की निळा?’ ठीक. ‘कोणता शर्ट घालायचा?’ म्हटलं की अख्खं कपाट जमिनीवर येतं. आणखी एक चूक नकळत होते: जिथे पर्याय नाही तिथे प्रश्न विचारणं. ‘निघायचं का आता?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे योग्य उत्तर आहे, मग ते ऐकल्यावर रागावता येत नाही. सरळ सांगा: ‘आता निघायचंय. चालत येतोस की कडेवर?’

आदळआपट सुरू झाली की ती बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, फक्त मध्ये बोलून आपण ती लांबवतो. क्रम असा ठेवा:

१. लागेल असं काही जवळ असेल तर ते हलवा, किंवा मुलाला हलवा.
२. एकच वाक्य बोला: ‘तुला ते हवं होतं, राग आलाय.’ मग गप्प.
३. जवळ बसा. समजावणं, धमकी, लाच यातलं काही नको.
४. श्वास संथ झाला की पाणी द्या, जवळ घ्या.
५. जे नाकारलं होतं ते नाकारलेलंच राहू द्या.

पाचवी पायरी चुकली तर आधीच्या चार वाया जातात. पंधरा मिनिटांच्या आकांतानंतर चॉकलेट मिळालं, तर पुढच्या वेळी मूल सोळाव्या मिनिटापर्यंत तग धरतं. मारणं, चावणं, रस्त्यावर धावणं या तीन ठिकाणी स्वायत्तता वगैरे काही नाही. हात धरून थांबवायचं आणि ‘मारायचं नाही’ एवढंच बोलायचं.

शौचाच्या सवयीसाठी वय बघू नका, खुणा बघा: दोन तास लंगोट कोरडा राहतो, शी-शू होण्याआधी किंवा झाल्यावर मूल सांगतं, चड्डी खाली ओढता येते, दोन मिनिटं एका जागी बसतं. बहुतेक मुलांत या खुणा दीड ते तीन वर्षांदरम्यान दिसतात. पाय टेकतील असं छोटं आसन घ्या. जेवणानंतर वीसेक मिनिटांनी पाच मिनिटं बसवा, जास्त नाही. मूल अंग ताठ करून विरोध करत असेल तर महिनाभर विषय बंद. जबरदस्तीने मूल शी रोखून धरतं, ती कडक होते, करताना दुखते, म्हणून ते आणखी रोखतं. हे चक्र सुरू झालं की प्रश्न शिस्तीचा राहत नाही, बद्धकोष्ठतेवर आधी उपचार लागतात. चड्डी ओली झाल्यावर चारचौघांत ‘शी, एवढा मोठा झालास’ म्हणणं म्हणजे मुलाला त्याच्या शरीराची लाज शिकवणं. कोरडे कपडे द्या, ओले टोपलीत टाकायला सांगा, विषय संपला.

तीन ते सहा: करून बघू का?

आता मूल योजना आखतं. खुर्च्यांची आगगाडी होते, दिवसभर ‘का?’ चालू असतं. दिवसातली वीस मिनिटं अशी ठेवा की खेळ मुलाचा आणि तुम्ही नुसते गडी. तुम्हाला जी भूमिका मिळेल ती घ्यायची. सुधारणा सुचवायच्या नाहीत, रंग-आकडे शिकवायचे नाहीत. पहिल्या पाच मिनिटांतच आपली जीभ किती वेळा वळवळते ते कळतं.

खोटं बोलणं साधारण याच काळात सुरू होतं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी माहिती असू शकते, हे मुलांना चौथ्या वर्षाच्या सुमारास उमगतं. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. म्हणजे पहिलं खोटं हे बुद्धीच्या वाढीचंही लक्षण आहे. भिंतीवर रेघोट्या दिसत असताना ‘कुणी केलं?’ विचारणं म्हणजे खोटं बोलायला आमंत्रण. त्याऐवजी ‘भिंतीवर खडू लागलाय. हे फडकं, आपण पुसू या. चित्रासाठी कागद इथे असतो.’ पुसायला मुलाला पाच मिनिटं लावा, भिंत लख्ख झाली नाही तरी चालेल. अपराधभावाला बाहेर पडायला काहीतरी काम लागतं. नुसतं ‘सॉरी म्हण’ याने काही हलत नाही.

याच वयातली एक गोष्ट मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्या मनात आलं म्हणून तसं घडलं, असं या मुलांना खरोखर वाटतं. भावाचा राग आला आणि भाऊ आजारी पडला, मूल हट्ट करत होतं आणि आई-बाबा वेगळे झाले, आजोबा वारले, की ते स्वतःला जबाबदार धरतं आणि बोलत नाही. ते अंथरूण ओलं करू लागतं, अंगठा चोखू लागतं किंवा विलक्षण शहाण्यासारखं वागतं. घरात असं काही घडलं, तर मुलाने विचारलं नाही तरी स्पष्ट शब्दांत सांगा: ‘हे तुझ्यामुळे झालेलं नाही. तू रागावलास, काही बोललास, मनात आणलंस, तरी त्याने असं होत नाही.’ एकदा सांगून भागत नाही, काही आठवडे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मृत्यूला ‘झोपले’ म्हणू नका, मूल स्वतः झोपायला घाबरतं.

सहा ते बारा: मला जमतं का?

शाळेत पहिल्यांदा मुलाची मोजणी होते आणि शेजारच्या बाकाशी तुलना होते. वही लपवणारं मूल इथलं.

अशा मुलासमोर वही उघडून ‘हे काय लिहिलंस?’ म्हणण्याआधी पान नीट बघा. सुरुवातीच्या ओळी बऱ्या आणि शेवटच्या विस्कटल्या असतील, तर हात किंवा लक्ष दमतंय. मग दहा मिनिटं काम, तीन मिनिटं विश्रांती असे तुकडे करा. सगळीकडे एकाच प्रकारची चूक असेल, तर एक पायरी मागची राहिली आहे. भागाकार चुकत असेल तर पाढे तपासा, पाढे चुकत असतील तर बेरीज. जिथे दहापैकी आठ उत्तरं बरोबर येतात त्या पातळीवर जा आणि तिथून आठवडाभर रोज पंधरा मिनिटं वर या. मागच्या इयत्तेचं पुस्तक काढायला पालकांना लाज वाटते. मुलाला मात्र बऱ्याच दिवसांनी बरोबरची खूण दिसते.

तोंडी बरोबर सांगणारं मूल वाचायला अडखळत असेल, अक्षरं सतत उलटी होत असतील, आणि दुसरी-तिसरीपर्यंत नियमित सरावानेही फरक पडत नसेल, तर अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्याआधी डोळे आणि कान तपासा. ‘आळशी’ हा शिक्का बसल्यावर न्यूनगंड मुलाच्या मूळ अडचणीहून जड होऊन बसतो.

कौतुकाचंही तंत्र आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांना सोपी कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘चांगली मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर ‘हुशार’ मुलं लवकर खचली, काहींनी तर आपले गुणही फुगवून सांगितले. पण रोज ‘मेहनत, मेहनत’ म्हणणंही पोकळ होतं, विशेषतः मेहनत करूनही जमलं नसेल तेव्हा. नेमकं काय केलं ते सांगा: ‘हातचा विसरला होतास, मग स्वतःच परत तपासलंस.’

घरातलं एक काम पूर्णपणे मुलाच्या नावावर करा. ‘मदत कर’ वेगळं आणि ‘झाडांचं पाणी तुझ्याकडे’ वेगळं. पहिल्या आठवड्यात सोबत करा, दुसऱ्यात बाजूला उभे राहून बघा, तिसऱ्यात निघून जा. मुलाने केलेलं काम त्याच्यादेखत पुन्हा करू नका. आणि ज्याला शाळेत यश मिळत नाही त्याला शाळेबाहेर एक जागा हवीच, मग ते पोहणं असो, चित्र, दुरुस्ती किंवा तबला. गुण कमी पडले म्हणून ती जागा काढून घेणं ही या वयातली सगळ्यात महाग शिक्षा.

बारानंतर

अस्मितेचा टप्पा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे एवढंच. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की घरच्यांनी ठरवलेली दिशा शोध न घेता स्वीकारणारी मुलं बाहेरून स्थिर दिसतात, पण त्यांनी स्वतः निवड केलेली नसते. केस, कपडे, संगीत, मित्र यांवरची भांडणं कमी करा. सुरक्षितता, झोप आणि नशा या तीन मुद्द्यांवर मात्र ठाम राहा.

मागचं राहून गेलं असेल तर

दहाव्या वर्षी दत्तक आलेलं, लांबच्या आजारातून उठलेलं किंवा घरातली भांडणं बघत वाढलेलं मूल वयाने चौथ्या टप्प्यात आणि मनाने पहिल्यात असू शकतं. अशा वेळी गुणांवर काम करून उपयोग नाही. आधी दिवस अंदाजात बसू द्या: जेवण, झोप, घेऊन जाण्याची वेळ ठरलेली, बदल आदल्या दिवशी सांगितलेला, दिलेला शब्द छोटा पण पाळलेला. त्यानंतर छोट्या निवडी, मग जबाबदाऱ्या. सुरुवातीला वागणं बिघडतंही, कारण मूल चाचपून बघत असतं की हा माणूस टिकतो का. याला महिने लागतात.

तज्ज्ञांकडे कधी

तीन महिन्यांपर्यंत बघून हसत नाही, बारा महिन्यांपर्यंत नावाला प्रतिसाद नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून काही सांगत नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही: यातलं काहीही असेल तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ म्हणत थांबू नका. येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात येईनाशी झाली, तर त्याच आठवड्यात जा. मोठ्या मुलांत दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली उदासी, शाळेत जायला ठाम नकार, स्वतःला इजा करणं किंवा मरणाचं बोलणं ही कारणं पुरेशी आहेत, आणि शेवटच्या दोन्हींत त्याच दिवशी. जाताना सात दिवसांची ती नोंद, शाळेच्या दोन-तीन वह्या आणि घरात सहज काढलेले एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ बरोबर न्या. तपासणीच्या खोलीत मूल बहुतेक वेळा घरच्यासारखं वागत नाही.